ऑनलाइन भूमिकाधारित खेळांतील कथासातत्य आणि खेळाडूंची निवड

ऑनलाइन भूमिकाधारित खेळांतील कथासातत्य म्हणजे आंतरजालावरील ज्या काल्पनिक जगात हजारो माणसे एकाच वेळी वावरतात, त्या जगातील घटना, पात्रे आणि परिणाम यांची काळाच्या ओघात टिकणारी सुसंगती होय. अशा खेळांना इंग्रजी नावावरून ‘रोल-प्लेइंग गेम’ किंवा संक्षेपाने ‘आरपीजी’ असे म्हणतात. या खेळांत प्रत्येक खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेतो, त्या पात्राच्या वतीने निर्णय करतो आणि त्या निर्णयांचे फळ मिळावे अशी अपेक्षा बाळगतो. एकाच्या निर्णयाने सर्वांचे जग बदलले, तर इतरांच्या निर्णयांना वाव उरत नाही. कोणाच्याच निर्णयाने जग बदलले नाही, तर निवडीला अर्थ उरत नाही. या पेचातून मार्ग काढण्याच्या निरनिराळ्या पद्धती गेल्या सुमारे चार दशकांत विकसित झाल्या आहेत.

मूळ प्रश्न

पुढील काल्पनिक उदाहरणावरून हा प्रश्न स्पष्ट होतो. एका जलदुर्गाचा किल्लेदार शत्रूला फितूर झाला आहे. त्याला ठार करावे, कैद करावे की गुपचूप पळू द्यावे, हे खेळाडूने ठरवायचे आहे. खेळ एकट्याने खेळण्याचा असेल, तर अडचण येत नाही. खेळाडूच्या संगणकावर ते जग त्याचे एकट्याचे असते. किल्लेदार मेला की तो मेलाच आणि पुढील कथा त्यानुसार वळते.

ऑनलाइन खेळात त्याच किल्लेदारासमोर दिवसभरात शेकडो खेळाडू येऊन उभे राहतात. पहिल्याने त्याला ठार केले, तर दुसऱ्यासाठी कथाच शिल्लक राहत नाही. म्हणून तो काही क्षणांत पुन्हा जिवंत होऊन आपल्या जागी उभा राहतो. खेळ चालू राहतो, परंतु नुकताच ज्याने त्याला मारले त्या खेळाडूच्या मनातील कथा खोटी ठरते. या परिस्थितीत निर्मात्यांपुढे तीन मागण्या एकत्र उभ्या राहतात: जग सर्वांचे एकच असावे, प्रत्येकाची निवड खरी असावी आणि कथा सर्वांना सारखीच उपलब्ध असावी. या तिन्ही मागण्या पूर्णपणे एकाच वेळी भागवता येत नाहीत. कोणती मागणी सोडायची, यावरून खेळाचे स्वरूप ठरते.

पूर्वपीठिका

या खेळांचा उगम मेजावर बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाधारित खेळांत आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तयार केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अमेरिकी खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक सूत्रधार कथा सांगतो, बाकीचे खेळाडू आपापल्या पात्राने काय केले ते सांगतात आणि यशापयश फाशांवर ठरते. चार-सहा मित्रांच्या बैठकीत सूत्रधाराला प्रत्येक निर्णय लक्षात ठेवता येतो आणि अनपेक्षित निर्णय झाला तरी कथा त्याप्रमाणे वळवता येते.

१९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने ‘मड’ नावाचा संगणकीय खेळ लिहिण्यास प्रारंभ केला आणि पुढे रिचर्ड बार्टल याने तो वाढवला. संपूर्ण खेळ शब्दांत होता, चित्रे नव्हती. अनेक माणसांनी एकाच काल्पनिक जगात एकत्र वावरण्याची सोय त्यातून झाली. मात्र सूत्रधाराची जागा आता संगणकाच्या आज्ञावलीने घेतली होती. आधी लिहून ठेवलेल्या शक्यतांपलीकडचे उत्तर देणे आज्ञावलीला शक्य नव्हते. पुढील ऑनलाइन खेळांतील कथासातत्याच्या बहुतेक अडचणींचे मूळ या बदलात आहे.

ठरलेली कथा आणि कलावंताची मोकळीक यांचा मेळ घालण्याची रीत कोकणातील लोककलांतही आढळते. सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकात आख्यान पुराणातले असते आणि दैत्याचा पराभव ठरलेला असतो. संवाद मात्र लिहिलेले नसतात, नट ते रंगमंचावर उत्स्फूर्तपणे बोलतात. रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील जाखडी नृत्यात, ज्याला बाल्या नाच असेही म्हणतात, शक्ती आणि तुरा अशा दोन पक्षांचा सामना होतो. एका पक्षाचा शाहीर पुराणकथेच्या आधारे गाण्यातून सवाल टाकतो आणि दुसऱ्या पक्षाला त्याचे उत्तर गाण्यातूनच द्यावे लागते. मूळ पुराणकथा बदलण्याची मुभा दोघांनाही नसते, पण सामना कोणत्या दिशेने जाईल हे आधी ठरलेले नसते. ऑनलाइन खेळांचे बरेच निर्माते अशाच तडजोडीपाशी पोहोचले: शेवट ठरलेला आणि मधली वाट मोकळी.

सातत्य राखण्याच्या पद्धती

स्थिर जग: ‘एव्हरक्वेस्ट’ (१९९९) आणि सुरुवातीच्या काळातील ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) यांनी ही पद्धत स्वीकारली. मारलेला शत्रू ठरावीक वेळाने पुन्हा जिवंत होतो आणि तीच कामगिरी पुढच्या खेळाडूला मिळते. जग सर्वांचे एकच राहते आणि कथा सर्वांना मिळते; निवडीचा परिणाम मात्र जगावर उमटत नाही.

खासगी प्रत: एखादी गुहा किंवा किल्ला यांची स्वतंत्र प्रत खेळाडूंच्या प्रत्येक गटासाठी तयार केली जाते. त्या प्रतीपुरती कथा पुढे सरकते, बाहेरचे जग तसेच राहते.

स्तरित जग: ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या २००८ सालच्या विस्तारात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. एकाच जागी उभ्या असलेल्या दोन खेळाडूंना त्यांनी पूर्वी केलेल्या कामगिरीनुसार वेगवेगळे दृश्य दिसते. एकाला गाव जळालेले दिसते, दुसऱ्याला शाबूत दिसते. निवडीचा परिणाम डोळ्यांना दिसतो. परंतु सोबतचे दोन मित्र एकमेकांना दिसेनासे होण्याचा प्रसंगही यामुळे उद्भवतो.

व्यक्तिगत कथा: ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’ या २० डिसेंबर २०११ रोजी सुरू झालेल्या खेळात आठ प्रकारच्या पात्रांसाठी आठ स्वतंत्र कथा आहेत. संवादात खेळाडू उत्तर निवडतो आणि त्यानुसार त्याच्या पात्राचा कल सत्प्रवृत्तीकडे की दुष्प्रवृत्तीकडे हे नोंदवले जाते. गटाने खेळताना प्रत्येक जण आपले उत्तर निवडतो, मग आकड्यांची सोडत होते आणि ज्याचा आकडा मोठा त्याचे उत्तर बोलले जाते. आठ कथा कायम वेगळ्या ठेवणे खर्चिक असल्यामुळे पुढील विस्तारांत त्या एकत्र आणाव्या लागल्या आणि २०१५ सालच्या विस्तारात सर्व पात्रांना मुख्यतः एकच समान कथा मिळाली. फाटे जितके अधिक, तितके लेखन आणि ध्वनिमुद्रण अधिक, हे या पद्धतीचे मर्म आहे.

जगव्यापी घटना: काही घटना एकदाच घडतात आणि जग कायमचे बदलते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २००६ साली अहन्‌किराज नावाच्या नगरीची दारे उघडण्यासाठी प्रत्येक सर्व्हरवरील खेळाडूंना मिळून प्रचंड सामग्री जमा करावी लागली. ‘फायनल फँटसी फोर्टीन’ हा जपानी खेळ २०१० साली सुरू झाला, पण त्याला प्रतिसाद निराशाजनक मिळाला. निर्मात्यांनी जुने जग नुसते पुसून टाकले नाही. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी आकाशातून चंद्र कोसळून त्या जगाचा विध्वंस झाल्याचे कथेतच दाखवून सर्व्हर बंद केले आणि २०१३ साली नवे रूप सादर केले. नव्या कथेत विध्वंसानंतर पाच वर्षे लोटलेली आहेत. लोकांना जुने वीर आठवतात, पण त्यांचे चेहरे आठवत नाहीत. अपयशी ठरलेला खेळ अशा रीतीने नव्या खेळाचा भूतकाळ बनला.

खेळाडूनिर्मित इतिहास: ‘ईव्ह ऑनलाइन’ या २००३ सालच्या आइसलँडमधील खेळात निर्माते पार्श्वभूमी पुरवतात, राज्ये, युती, फितुरी आणि युद्धे खेळाडूच घडवतात. चीनचा अपवाद वगळता सर्व खेळाडू एकाच अवकाशात असतात. जानेवारी २०१४ मध्ये एका प्रदेशाच्या ताब्याची रक्कम वेळेवर भरली न गेल्याने त्यावरचा हक्क गेला आणि त्यातून सुमारे २१ तास चाललेली लढाई झाली. तीत सात हजारांहून अधिक खेळाडू सहभागी झाले. निर्मात्यांनी त्या ठिकाणी जहाजांच्या अवशेषांचे कायमस्वरूपी स्मारक ठेवले. येथे निवडीला संपूर्ण वजन आहे. त्याची किंमत अशी की, नव्या खेळाडूला त्या घडामोडींत पुन्हा भाग घेता येत नाही, त्यांचा इतिहास वाचावा लागतो.

खेळाडूंनी कथेला दिलेले धक्के

निर्मात्यांनी आखलेल्या कथेबाहेरचे निर्णय खेळाडूंनी घेतल्याचे काही प्रसंग या क्षेत्रात प्रसिद्ध आहेत.

‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळाच्या चाचणीदरम्यान, ८ ऑगस्ट १९९७ रोजी, निर्माता रिचर्ड गॅरियट आपल्या ‘लॉर्ड ब्रिटिश’ या राजाच्या भूमिकेत प्रजेला भेटण्यासाठी आला होता. राजाला इजा होऊ नये अशी व्यवस्था त्या वेळी चालू करायची राहून गेली. एका खेळाडूने अग्निमंत्र टाकला आणि राजा सर्वांसमक्ष मरण पावला. कथेत अवध्य मानलेले पात्र खेळाच्या नियमांपुढे टिकले नाही.

‘ॲशरॉन्स कॉल’ (१९९९) या खेळाची कथा दरमहा पुढे सरकत असे. एका कथाभागात दुष्ट शक्तीला बांधून ठेवणारे स्फटिक खेळाडूंनी फोडावेत आणि ती शक्ती मुक्त व्हावी, अशी योजना होती. ‘थिसलडाउन’ या सर्व्हरवरील काही खेळाडूंनी मात्र शेवटच्या स्फटिकाभोवती पहारा बसवला आणि तो फुटू दिला नाही. अखेर निर्मात्यांना स्वतः पात्रांच्या रूपात उतरून कथा पुढे न्यावी लागली. कथा ठरल्याप्रमाणेच झाली; पण त्या सर्व्हरवर रक्षकांच्या स्मरणार्थ स्मारक उभारण्यात आले. ठरलेला शेवट कायम ठेवून त्यामागचा प्रतिकार नोंदवण्याचे हे उदाहरण मानले जाते.

‘एव्हरक्वेस्ट’मधील केराफर्म हा निद्रिस्त ड्रॅगन प्रत्येक सर्व्हरवर एकदाच जागा होईल आणि त्याला कोणी मारू शकणार नाही, अशी कल्पना होती. नोव्हेंबर २००३ मध्ये ‘रॅलोस झेक’ सर्व्हरवर सुमारे दोनशे खेळाडूंनी तासन्‌तास झुंज देऊन त्याला मरणाच्या जवळ आणले. तेव्हा कंपनीने तो अचानक अदृश्य केला. खेळाडूंमध्ये संताप उसळला. कंपनीने दिलगिरी व्यक्त करून पुन्हा संधी दिली आणि खेळाडूंनी ड्रॅगनला ठार केले.

सप्टेंबर २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील एका शत्रूचा संसर्गजन्य शाप पाळीव प्राण्यांमार्फत शहरांत पसरला आणि कमी बळाची पात्रे मोठ्या संख्येने मेली. काही खेळाडू उपचाराला धावले, काही पळाले, तर काहींनी मुद्दाम लागण पसरवली. या प्रसंगाचा साथरोगांच्या अभ्यासाला काय उपयोग होईल, याची चर्चा २००७ साली ‘द लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’ या वैद्यकीय नियतकालिकात झाली.

रायगड किनाऱ्याचे उदाहरण

खेळाडूपुढे कोणते पर्याय ठेवायचे, हे जग रचणारा आधीच ठरवतो. रायगड किनाऱ्याच्या इतिहासाचे जागतिक मनोरंजनात जे रूपांतर झाले, त्यावरून ही गोष्ट लक्षात येते.

मे २००७ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन: ॲट वर्ल्ड्स एन्ड’ या हॉलिवूडपटात जगभरच्या समुद्री चाच्यांच्या सरदारांची सभा भरते. तीत हिंदी महासागराचा सरदार म्हणून ‘श्री सुंभाजी’ नावाचे पात्र आहे. हे नाव कान्होजी आंग्रे यांचे पुत्र संभाजी आंग्रे यांच्यावरून घेतलेले आहे. चित्रपटात या पात्राच्या वतीने बहुतेक वेळ त्याचे सेवकच बोलतात. याच मालिकेवर आधारलेला ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन ऑनलाइन’ हा डिस्ने कंपनीचा भूमिकाधारित खेळ ३१ ऑक्टोबर २००७ रोजी सुरू झाला. त्यात खेळाडू चाचा बनून इंग्रजी आरमार, ईस्ट इंडिया कंपनीची माणसे आणि मृतात्मे यांच्याशी लढत असे. पात्राचा वेश, शस्त्र आणि जहाज त्याला निवडता येई. आपण चाचा असावे की नसावे, हे मात्र निवडता येत नसे.

आंग्र्यांच्या इतिहासात नेमका हाच प्रश्न वादाचा होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांत कान्होजींचा उल्लेख चाचा म्हणून येतो. मराठी राज्यात ते सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, होते. अलिबागजवळचा कुलाबा किल्ला हे त्यांचे मुख्य ठाणे होते. किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा ही त्यांची मागणी सार्वभौम सत्तेच्या हक्काची होती. पोर्तुगीजही आपल्या परवान्यांची सक्ती पूर्वीपासून करत आले होते. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारी अयशस्वी झाली.

कान्होजींच्या चरित्रात ज्यांचे परिणाम मागे घेता येत नाहीत अशा निवडीही आहेत. छत्रपती शाहू आणि ताराबाई यांच्यातील वारसाकलहात ते आधी ताराबाईंच्या पक्षात होते. १७१३ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथ यांच्याशी बोलणी होऊन ते शाहूंच्या बाजूस आले आणि सरखेलपद व किल्ले त्यांच्याकडे राहिले. १७२९ साली त्यांचे निधन झाले. १७३३ साली थोरले पुत्र सेखोजी वारल्यानंतर संभाजी आणि मानाजी या भावांत फूट पडली. कुलाबा मानाजींकडे आणि विजयदुर्ग संभाजींकडे गेला. आरमार विभागले गेल्याने त्याचे बळ घटले. संभाजींच्या पश्चात विजयदुर्ग सांभाळणाऱ्या तुळाजी आंग्रे यांचा १७५६ साली पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत पाडाव झाला.

या इतिहासावर ऑनलाइन भूमिकाधारित खेळ रचायचा झाल्यास कथासातत्याचा प्रश्न तीव्र होतो. घडलेल्या इतिहासाशी इमान राखायचे, तर १७३३ ची फूट खेळाडूंना टाळता येणार नाही. ती टाळता आली, तर निवड खरी ठरेल, पण तो इतिहास राहणार नाही. ‘ॲशरॉन्स कॉल’प्रमाणे शेवट कायम ठेवून प्रतिकाराची नोंद करणे, किंवा पर्यायी इतिहास आहे असे उघडपणे सांगणे, असे दोन मार्ग उपलब्ध आहेत. दोन्ही मार्गांत खेळाडूला प्रारंभी कोणती ओळख दिली जाते, चाचा, सरखेलाचा नोकर, व्यापारी की कंपनीचा खलाशी, यावर पुढच्या सर्व निवडींचा अर्थ अवलंबून राहतो. एकच दस्तकाची मागणी एका भूमिकेतून लूट दिसते आणि दुसरीतून कर दिसते. स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ साली मुंबईतील आपल्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव दिले. एकाच व्यक्तीची दोन कथनांत किती भिन्न प्रतिमा असू शकते, हे त्यावरून दिसते.

जग बंद पडल्यानंतर

ऑनलाइन खेळाचे जग कंपनीच्या सर्व्हरवर असते. पुस्तक छापून झाल्यावर प्रकाशनसंस्था बंद पडली तरी प्रती उरतात. सर्व्हर बंद झाल्यावर ऑनलाइन खेळाची प्रत खेळाडूकडे उरत नाही. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन ऑनलाइन’ १९ सप्टेंबर २०१३ रोजी बंद झाला. त्यातील प्रत्येक पात्राचा संचित प्रवास त्या दिवशी संपला. पुढे चाहत्यांनी ‘द लेजंड ऑफ पायरेट्स ऑनलाइन’ या नावाने तो पुन्हा उभारला. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा खेळ २०१२ साली बंद झाला. चाहत्यांनी चालवलेल्या त्याच्या एका आवृत्तीला २०२४ साली मूळ कंपनीने अधिकृत परवाना दिला.

खेळ चालू असतानाही त्याचा भूतकाळ नाहीसा होऊ शकतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे मूळ भूप्रदेश २०१० सालच्या विस्तारात बदलण्यात आले. जुन्या जगाची मागणी टिकून राहिल्याने २०१९ साली ते ‘क्लासिक’ या नावाने वेगळे उपलब्ध करून देण्यात आले. ‘गिल्ड वॉर्स टू’मधील कथेचे पहिले पर्व २०१३-१४ मध्ये थोड्या थोड्या काळापुरते दाखवून काढून घेतले गेले. नंतर आलेल्या खेळाडूंना कथेतील संदर्भ लागेनात. हे पर्व २०२२ साली पुन्हा खेळण्याजोगे करण्यात आले.

खेळ बंद झाल्यावर घटनांची आठवण मुख्यतः खेळाडूंनी ठेवलेल्या टिपणांत, चित्रफितींत आणि परस्परांना सांगितलेल्या हकिकतींत उरते. थिसलडाउनच्या पहारेकऱ्यांची कथा अशीच टिकून आहे: ‘ॲशरॉन्स कॉल’चे सर्व्हर २०१७ साली बंद झाले आणि रक्षकांचे ते स्मारकही त्यांच्याबरोबर गेले, पण स्फटिक राखल्याची हकिकत आजही सांगितली जाते.